कडक कोच आणि वाईट कोच

आइस हॉकी खेळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाकडून चूक झाली की कोच त्याला उरलेला पूर्ण पिरियड (मॅचच्या तीन भागांपैकी एक) बेंचवर बसवतो, मग सीझनच्या मध्येच टीम सोडावी का, असं विचारलंय. वर उत्तर दिलेले बरेच जण "सोडा" म्हणतायत. मला ती घाई वाटते.

आधी दोन-तीन प्रॅक्टिस रिंकच्या काचेबाहेरून नीट बघा. मुलं बहुतेक वेळ रांगेत नंबर यायची वाट बघत उभी असतात की स्केटिंग करत असतात? पास हुकल्यावर कोच एका गुडघ्यावर टेकून स्टिक कशी धरायची ते दाखवतो, की नुसता नाव घेऊन ओरडतो? यातच बरंच कळतं. यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघटनेच्या 2009 च्या विकास आराखड्यात लहान मुलांसाठी छोट्या जागेतले खेळ आणि जास्तीत जास्त वेळ पक (खेळातली रबरी चकती) हाताळणं यावर भर आहे, तो याचसाठी. या वयात जिंकण्यासाठी मोजक्याच मुलांना खेळवणारा कोच बाकीच्यांचं शिकणंच हिरावून घेतो.

बोलायचं तर मॅच संपल्या संपल्या नको. बऱ्याच क्लबांत 24 तास थांबायचा नियम असतोच. "याला कमी का खेळवता" यापेक्षा "याने काय सुधारावं" असं विचारा. धड उत्तर मिळालं नाही तर टीमच्या मॅनेजरकडे जा, मग क्लबच्या बोर्डाकडे.

शिवीगाळ किंवा अपमान होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच लेखी तक्रार करा. अमेरिकेत त्यासाठी सेफस्पोर्ट या खेळातल्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या संस्थेकडेही जाता येतं. आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला परत बर्फावर पाठवत असतील, तर त्याच क्षणी त्याला बाहेर काढा.