स्टेशनपासून दीडशे मीटर : फुटपाथ नक्की कोणाचा?

परळकर : काल संध्याकाळी सातला आईला घेऊन दादर पश्चिमेला उतरलो. पुलाच्या पायथ्यापासून रानडे रोडच्या तोंडाशी यायला वीस मिनिटं लागली. आईची काठी टेकवायला जागा नाही! १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा-देवळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाला नको. जेमतेम महिनाभर आधी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली होती. पोट सगळ्यांनाच आहे हो, पण चालायला पाय ठेवायचे कुठे?

कोथिंबीरजुडी : एल्फिन्स्टनला जिना अरुंद होता, वरून पाऊस होता. ते खापर टोपलीवर फोडू नका. माझी आई तीस वर्षं भाजी घेऊन बसतेय. पालिकेची "गाडी आली" अशी हाक आली की चादरीची चार टोकं धरून पळायचं. सापडलं तर माल गेला, वर दंड. आणि कोर्टाचंच काढताय तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा ओल्गा टेलिस निकालही वाचा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घटनेचं कलम २१. मुंबईतूनच गेलेला खटला आहे तो.

काळाकोट : हा निकाल सगळे अर्धाच सांगतात, म्हणून मध्ये पडतो. एक तर तो फेरीवाल्यांचा नाही, फुटपाथवर राहणाऱ्यांचा आहे. १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुल्यांनी त्यांना हटवायचं जाहीर केलं, त्यातून तो उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पाच जणांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, हे खरं. पण त्याच निकालात पालिकेचा हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला. फक्त पावसाळा जाऊ द्या म्हणाले, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. फेरीवाल्यांना कामाचा आहे तो १९८९ चा सोदान सिंग निकाल. रस्त्यावर धंदा करणं हा मूलभूत हक्क, पण वाजवी निर्बंधांसह. आणि ठरावीक जागा अडवून बसण्याचा हक्क मात्र नाही.

परळकर : म्हणजे माझंच बरोबर.

काळाकोट : थांबा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातलं कलम ३ म्हणतं, सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवायचं नाही. जागा ठरवताना नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यायचं, आणि त्या समितीत किमान ४० टक्के निवडून आलेले फेरीवालेच हवेत. हे वेळेवर झालं असतं तर तुमच्या आईंना वाट मिळाली असती आणि ह्यांच्या आईंना बाकडं.

परळकर : 'असतं तर' वर मी किती वर्षं चालू? २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेच विचारलं की पंतप्रधान किंवा बडे पाहुणे येणार म्हटलं की एका दिवसात रस्ते मोकळे होतात, मग रोज का होत नाहीत? मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. करायचं ठरवलं की होतं.

कोथिंबीरजुडी : होतं ना. अशा दिवशी आई घरी बसते. पहाटे उचललेली मेथी संध्याकाळी पिवळी पडते. साहेबांसाठी एक दिवस, तुमच्यासाठी रोज. आम्ही खायचं काय?

काळाकोट : आणि एक दिवस हटवून दुसऱ्या दिवशी बसू देणं, यातच हप्त्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. प्रमाणपत्र असलेल्याकडून हप्ता मागणं अवघड जातं. सर्वेक्षण रेंगाळण्याचं हे एक कारण असावं, असा माझा संशय. पुरावा नाही, वकिलाने असं बोलू नये, तरी बोललो.

परळकर : कारण काहीही असो, त्रास चालणाऱ्यालाच. १५० मीटर सोडून बसा, मी आनंदाने तिथवर येऊन घेईन.

कोथिंबीरजुडी : खरं सांगा, काल त्या वीस मिनिटांत काही घेतलंत का?

परळकर : अर्धा किलो मटार. दहा रुपयांनी स्वस्त होते.