परसात पाच-दहा कोंबड्या ठेवायच्या तर जात कोणती? माझं मत: खुडूक बसणारी गावरानच

रानवारा_अकोले:
आमच्या भागात बचत गटांना सरकारी योजनेतून सुधारित पक्षी मिळणार म्हटल्यावर घरोघरच्या गावरान कोंबड्या बाजाराला निघाल्या. तलंगा गटात 25 तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) आणि 3 नर, तेही निम्म्या अनुदानावर. योजनेला माझा विरोध नाही. पण त्यासाठी जुनी कोंबडी विकणं मला पटत नाही, म्हणून हा धागा काढते.

सगळे एकच प्रश्न विचारतात: वर्षाला अंडी किती? हा प्रश्न पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीला ठीक आहे. परसातल्या कोंबडीला विचारायचं ते वेगळं. बाहेरून पिल्लू विकत न आणता तुमचं खुराडं पाच वर्षांनी भरलेलं असेल का? गावरान कोंबडी पंधरा-सोळा अंडी घालते, खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं काढते. त्यांना ऊब तीच देते, उकरून खायला तीच शिकवते. घारीची सावली अंगणावरून सरकली की घशातून एकच बारीक आवाज काढते आणि सगळी पिल्लं क्षणात तिच्या पंखाखाली जातात. हे बल्बखाली वाढलेल्या पिल्लाला कोण शिकवणार? आणि आमच्याकडे रात्री वीज गेली की त्या बल्बचाही भरवसा नाही.

काळीमाती:
ताई, तुमची कळकळ समजते, पण हिशेब मांडू. गावरान वर्षाला 60 ते 70 अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत. एका पाळीतली दहा-बारा उबवायला ठेवली तर लेकरांच्या ताटात काय पडणार? वर कोंबडी तीन आठवडे अंड्यांवर आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे, म्हणजे तेवढे दिवस एकही अंडं नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया परसात मोकळी फिरून, वर थोडा दाणा घालून, 160 ते 180 अंडी देते. अंडंही मोठं, 55 ग्रॅमच्या पुढे. गावरानचं 40 च्या आसपास. ज्या घरात आठवड्याच्या बाजारात अंडी विकून मीठ-मिरची येते, तिथे हा फरक छोटा नाही. तो पैसा बाईच्या हातात राहतो, हेही लक्षात घ्या.

रानवारा_अकोले:
दादा, ते 'वर थोडा दाणा' म्हणताना तुम्ही भरभर पुढे गेलात. अंडी दुप्पट-तिप्पट हवीत तर खाद्य हवं, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा हवा. ते नसेल तर ग्रामप्रियाही आकड्याला पोहोचत नाही, पातळ कवचाची अंडी घालते. आणि दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली की पुन्हा पिल्लं विकत. तिच्याच अंड्यांतून पिल्लं काढली तर ती आईसारखी निघत नाहीत, कारण ती संकरातली आहे. पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

पशुसेवा_मराठवाडा:
मी गावोगाव लसीकरण करतो. दोघांनाही एक सांगायचंय. 'गावरानला रोग होत नाही' हे बोलणं आधी बंद करा. मानमोडी (राणीखेत रोग) आली की गावरान आणि सुधारित दोन्ही झोपतात. उन्हाळ्याच्या तोंडाला अख्ख्या वस्तीची खुराडी रिकामी झालेली मी पाहतो. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्याला त्याच रोगाची आर-टू-बी, आणि देवीची लस. जात कुठलीही असो, यात सूट नाही. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवायचा, सकाळी लवकर, पक्षी सोडायच्या आधी.

आणि ताई, आई पिल्लं सांभाळते हे खरं असलं तरी पहिल्या महिन्यात घार, कावळा, मुंगूस मिळून अर्धी घेऊन जातात. पहिले तीन-चार आठवडे डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा, आईसकट.

फणसाखाली:
रत्नागिरीकडून लिहितोय. अंड्यांचे आकडे चाललेत, पण रंगाचं कोणीच बोलत नाही. पांढरी कोंबडी मोकळ्यावर सोडू नका. घारीला वरून ती पहिली दिसते. तपकिरी, करडी, ठिपक्यांची झाडीत मिसळते. दुसरं म्हणजे वजन. वनराज ही सुधारित जात, जड पक्षी. मांसाला उत्तम, तीन महिन्यांत सव्वा-दीड किलोचा नर तयार. पण कुत्रा अंगावर आला की त्याला उडून झाडावर जाता येत नाही. आमच्या गावठी कोंबड्या संध्याकाळी स्वतःहून फणसावर चढतात. कुंपण नसेल तर मी गावठीच सांगेन. कुंपण असेल तर वनराजला ना नाही.

नवउद्योजक_सांगली:
एवढं बोलताय तर काळ्या मांसाची कडकनाथ जात का नाही? मांसाला भाव, 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं.

काळीमाती:
सांगलीचे असून हे विचारता? 2019 साली तुमच्याच बाजूला 'पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच घेतो' म्हणून किती जणांचे पैसे बुडाले! पक्ष्याचा दोष नाही, पण परसात त्याचा फायदा काय? अंडी शंभरच्या आत-बाहेर, लहान. आणि ती काळी नसतात, फिकट बदामी असतात. काळी अंडी म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

रानवारा_अकोले:
इथे मी काळीमाती दादांच्या बाजूने. शिवाय कडकनाथची मादी खुडूक बसायला फार नाखूष. तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. म्हणजे कडकनाथ पाळायलाही घरात एक गावरान लागतेच.

मायलेक_जुन्नर:
मग तसंच करा की. आम्ही गावरानखाली सुधारित जातीची फलित अंडी ठेवतो. बल्ब नको, पिल्लांना आईही मिळते, आणि पुढे अंडी जास्त. एक विनंती मात्र. खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकपुडीत पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात, ते करू नका. अंडी रोज उचला आणि तिला चार दिवस खालून वारा लागेल अशा उंच जाळीवर, दाणापाणी देऊन ठेवा. खुडूक आपोआप सुटते.

रानवारा_अकोले:
पिसाबद्दल अगदी खरं, तो प्रकार बघवत नाही. पण मिश्रणाबद्दल मला धास्ती आहे. जास्त अंड्यांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडल्यात त्या खुडूक न बसणाऱ्या कोंबड्यांतून. त्यांचे नर अंगणात फिरले की काही वर्षांत गावात खुडूक बसणारी कोंबडीच उरणार नाही. मग फलित अंडी ठेवणार कुणाखाली? निदान नर तरी गावरानच राखा. आणि तोही दर दोन वर्षांनी दुसऱ्या वस्तीवरून बदलून आणा, नाहीतर बाप-लेकींतच पैदास होऊन पिल्लं कमजोर निघतात.

पेठेतली_गच्ची:
पुण्यात बंगल्याच्या मागे चार कोंबड्या ठेवायच्यात. कोंबडा आरवला तर शेजारी भांडतील. कोंबड्याशिवाय अंडी मिळतील का?

पशुसेवा_मराठवाडा:
मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. तुम्हाला पैदास करायचीच नाही, तर ग्रामप्रियाच्या वाढवलेल्या तलंगा घ्या, दीड-दोन महिन्यांच्या, लसी झालेल्या. एक दिवसाची पिल्लं आणू नका. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, तुमच्याकडे ते जमणार नाही. विचारणा तुमच्या जवळच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात करा.

काळीमाती:
ताई, नराचं तुमचं म्हणणं मान्य. पण मी यंदाही ग्रामप्रियाच घेणार, घरात खाणारी तोंडं आहेत. गटाला मिळणारे 3 नर सरळ कापायला देऊ आणि अंगणात गावरान कोंबडा ठेवू, एवढं मी आमच्या गटात मांडतो. तुमच्याकडे तांबडा, उंच पायांचा कोंबडा असेल तर कळवा. संगमनेरच्या बाजाराला येतोच आहे, बदल्यात दोन पायली मका आणतो.

रानवारा_अकोले:
आहे. पण मका नको, त्याच्या पहिल्या पाळीतल्या दोन तलंगा द्या. आणि त्या खुडूक बसल्या का नाही ते मी इथेच लिहीन.