मदत हवी आहे: लिफ्टमध्ये ७ माणसं की ६?

नाशिकला गंगापूर रोडवर आमची सोसायटी. जुन्या लिफ्टवर '८ व्यक्ती, ५४४ किलो' लिहिलंय, म्हणजे माणशी ६८. ओव्हरलोडची घंटा नाही. ती बसेपर्यंत सूचना लावायचीय. ४० प्रौढ रहिवाशांची वजनं घेतली: सरासरी ६६, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत याचं माप) १४. आठ जणांच्या सरासरीचं विचलन १४ भागिले √८, म्हणजे ४.९५. त्यावरून मर्यादा ओलांडायची शक्यता चक्क ३४ टक्के निघते! सरासरी ६८ च्या आत आहे म्हणून मी निर्धास्त होतो. सात जणांना तीच सुमारे १.३ टक्के. पण घरची माणसं एकत्रच चढतात, त्यांची वजनं परस्परांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. शिवाय वजनांचा आलेख उजवीकडे, म्हणजे जास्त वजनांकडे, थोडा लांबलाय आणि ८ हा नमुना लहानच. अशा वेळी ४.९५ कितपत वाढवून धरायचं, आणि पाटी ७ ची लावावी की ६ ची?