लॉक नटची चावी तुटली, तीन चाकं अडकली (मदत हवी आहे)
मंडळी नमस्कार, मी कोल्हापूरचा. माझ्या गाडीच्या अलॉय व्हील्सना प्रत्येकी एक लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनंच सुटणारा नट) आहे. टायर बदलायला नेली तर दुकानातल्या पोरानं चावीवर थेट इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) चालवली. एक चाक निघालं, दुसऱ्याला चावीच्या आतले दात उडाले. आता ती नुसती गरगर फिरते.

चावीच्या कडेला कोरलेला कोड अजून वाचता येतो आणि सुटलेला नट शाबूत आहे, त्याची सात पाकळ्यांची नक्षी अगदी स्पष्ट दिसते. त्यावरून उद्यमनगरात कुणी नवी चावी बनवून देईल का? की कोड देऊन मागवणंच बरं?

गॅरेजवाला म्हणतो, नटावर दुसरा नट वेल्ड करून फिरवू. मला ते पटत नाही, उष्णतेनं अलॉयचा रंग जाईल. ड्रिल मारायचं तर नट कडक पोलादाचा, बिट घसरून स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) खराब व्हायची भीती. पाना ठोकून बसवावा तर नट भोकात खोल आहे, जाड पाना आत जातच नाही. उलट्या पिळाच्या दातांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला नट पकडून काढणारा पाना) कुणी वापरलाय का? पातळ भिंतीचा मिळतो का, आणि कुठे?

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय. वाटेत पंक्चर झालं तर डिकीतली स्टेपनी असून नसल्यासारखीच. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा. चाकं सुटली की चारही ठिकाणी साधे नट बसवणार आहे.