न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन : घरखर्चाचे अनुभव

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सहून ह्यूस्टनच्या पश्चिमेला असलेल्या केटी या उपनगरात आलो, तेव्हा शहरांची तुलना करणाऱ्या सगळ्या तक्त्यांनी आमचा खर्च निम्म्यावर येईल असे छातीठोकपणे सांगितले होते. तो आला नाही. ज्यांनी या दोन्ही शहरांत प्रत्यक्ष घर चालवले आहे, त्यांनी आपले अनुभव शक्यतो आकड्यांसह लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

जॅक्सन हाइट्समधल्या एका बेडरूमच्या घराला आम्ही २,०५० डॉलर भाडे देत होतो; केटीत दोन बेडरूमचे घर १,३४० डॉलरला मिळाले. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. न्यूयॉर्कमध्ये राज्याचा कर तर होताच, शिवाय शहराचा स्वतःचा ३.०७८ ते ३.८७६ टक्के. त्यामुळे पहिला पगार हातात पडला तेव्हा हिने त्याच आठवड्यात सोफा घेतला. मात्र न्यूयॉर्कमध्ये आमच्याकडे गाडी नव्हती आणि सबवेचे दोन मासिक पास, प्रत्येकी १२७ डॉलरचे, एवढाच आमचा प्रवासखर्च होता. केटीत दूध आणायलाही गाडी लागते, आणि आमच्या नोकऱ्या दोन दिशांना असल्यामुळे गाड्याही दोन घ्याव्या लागल्या. एका गाडीचा हप्ता ३१०, दोन्हींचा विमा २९०, पेट्रोल २४०, टोल १३०, बेरीज ९७०. भाड्यात आणि पासांत मिळून वाचले होते ९६४. म्हणजे हाती उरली ती फक्त आयकराची बचत.

केटीहूनच, घरमालक

ती आयकराची बचतही घर घेईपर्यंतच टिकते. राज्याला आयकर मिळत नसल्यामुळे शाळा, काउंटी आणि इतर स्थानिक संस्थांचा भार घरपट्टीवर पडतो, आणि नव्या वसाहतींत पाणी व सांडपाण्याची व्यवस्था करणाऱ्या ‘मड’ जिल्ह्याचा कर त्यावर वेगळा. माझा एकूण दर अडीच टक्क्यांच्या आसपास जातो. राहत्या घराला शाळेच्या करात मिळणारी सूट २०२३ मध्ये ४० हजारांवरून १ लाख डॉलर झाली, तेव्हा थोडे हायसे वाटले. दर वसंतात घराच्या नव्या मूल्यांकनाचे पत्र येते आणि त्यावर साधारणपणे १५ मेपर्यंत हरकत घेता येते. ती अवश्य घ्यावी. इथल्या चिकणमातीमुळे पाया हलतो. मी भिंतीच्या भेगांशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढले, दुरुस्तीचा अंदाजखर्च जोडला आणि मूल्यांकन १९ हजारांनी उतरवून घेतले. एरवी ज्या भेगा पाहुण्यांपासून लपवतो, त्या सरकारी टेबलावर अशा कौतुकाने मांडण्याचा प्रसंग दुसरीकडे कुठे आला नसता.

ह्यूस्टन, वीजबिलाविषयी

न्यूयॉर्कमधून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही की इथे वीज कोणाकडून घ्यायची ते ग्राहकाने ठरवायचे असते. मी निवडलेल्या योजनेत महिन्याला १,००० युनिटांचा टप्पा ओलांडला की १०० डॉलरची सवलत होती, आणि जाहिरातीतला दर ती सवलत धरूनच काढलेला होता. ऑक्टोबरमध्ये हवा निवळली, वातानुकूलन कमी चालले आणि वापर ९९१ युनिटांवर थांबला. काटकसर केल्याबद्दल १०० डॉलरचा दंड! त्या महिन्यात कपडे वाळवण्याचे यंत्र तीन-चार वेळा रिकामे फिरवले असते तरी फायद्यात राहिलो असतो. योजनेची मुदत संपण्याची तारीखही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण ती उलटली की दर महिन्याला बदलणाऱ्या, बहुधा चढ्या दरावर टाकतात.

ह्यूस्टन विद्यापीठाचा माजी विद्यार्थी

विद्यार्थ्यासाठी ह्यूस्टन निःसंशय स्वस्त होते. चौघांत मिळून घेतलेल्या घरात माझा वाटा ४६० डॉलर आणि बसचे भाडे सव्वा डॉलर. फक्त भारतीय दुकानांच्या हिलक्रॉफ्ट भागात किराणा आणायला बस बदलत जाण्यात अर्धा शनिवार जाई.

ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला, उलटा प्रवास

आम्ही २०२२ मध्ये सगळ्यांच्या उलट दिशेने गेलो. घर मिळवतानाच दम निघाला. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट असल्याचा पुरावा द्यावा लागला आणि वर्षाच्या भाड्याच्या १५ टक्के दलाली भरावी लागली. दलाली ज्याने दलाल नेमला त्याने द्यावी, हा नियम जून २०२५ मध्ये आला. आमचे पैसे गेले ते गेलेच. पण दोन्ही गाड्या विकल्या. मुलगी चार वर्षांची होती. ह्यूस्टनमध्ये तिच्या पाळणाघराला महिना १,१५० डॉलर जात होते, आणि न्यूयॉर्क शहरात २०१४ पासून चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची शाळा विनाशुल्क आहे. टेक्सासमध्येही अशी सोय आहे, मात्र ठरावीक अटींत बसणाऱ्यांसाठीच, आणि आम्ही त्यांत बसत नव्हतो. एवढ्या एका गोष्टीने आमचे भाड्यातले अंतर जवळजवळ मिटवले. कपडे धुण्याचे यंत्र मात्र आता इमारतीच्या तळघरात आहे, आणि त्यासाठी लागणारी पंचवीस सेंटची नाणी आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साठवतो.

ह्यूस्टन, २०१६ पासून

वरच्या हिशेबांत वादळे आलेली नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे आले तेव्हा आमचे घर नकाशावरच्या पूरक्षेत्राबाहेर होते, म्हणून पुराचा विमा घेतलेला नव्हता, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरला जात नाही हे पाणी पायऱ्यांवर आल्यावर समजले. तेव्हा घाईघाईने पॉलिसी घेऊनही उपयोग नव्हता, कारण सरकारी योजनेत ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. दिवाणखान्यात दीड फूट पाणी होते. जमीन आणि भिंतींचा खालचा भाग उखडून नवा करण्यात ३१ हजार डॉलर गेले. पुढे जुलै २०२४ मध्ये बेरिलने छप्पर नेले, त्या वेळी विमा होता, पण वाऱ्याच्या नुकसानीत आपल्या खिशातून भरायचा पहिला हिस्सा विम्याच्या रकमेच्या २ टक्के होता. विमा ४ लाखांचा, म्हणजे पहिले ८ हजार आमचे. छपराचा खर्च साडेतेरा हजार.

जॅक्सन हाइट्स, आई-बाबा सहा महिने राहून गेले त्यांविषयी

ह्यूस्टनला भावाकडे असताना ते दोघे शनिवारची वाट पाहत, कारण भाऊ मोकळा असल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येत नसे. अधूनमधून टॅक्सीने देवळात जात, जाऊन-येऊन ५२ डॉलर. आमच्याकडे बाबा रोज सकाळी ७४व्या रस्त्यावर चालत जाऊन कोथिंबीर आणत, आणि ह्यूस्टनपेक्षा ती जुडी महाग आहे हे रोज आईला सांगत.