जुन्या हार्डडिस्कची इमेज माउंट होत नाही, लूप डिव्हाइसचा घोळ

खिळेवाला:

नमस्कार मंडळी. कराडला आमच्या बाबांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तिथल्या पीसीतली ४० जीबीची हार्डडिस्क बाबांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. गेल्या महिन्यात ती लावून बघितली तर आतून टकटक आवाज. म्हणून तिच्याशी खेळत न बसता डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, काढली आणि डिस्क परत फडक्यात. फाइलचं नाव बाबा.आयएमजी.

ही इमेज मला उबुंटूवर उघडायची आहे. थेट माउंट केली, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडली, तर 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक'. नेटवर जिथे बघावं तिथे एकच मंत्र, ऑफसेट (सुरुवातीचे किती बाइट सोडून वाचायचं तो आकडा) १०४८५७६ द्या. दिला. तेच रडगाणं. मग फाइलला लूप डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारखं रूप, देणाऱ्या लोसेटअप कमांडकडे वळलो, तर एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) लूप० ते लूप१४ अशी रांग आधीच उभी! यातलं एकही मी केलेलं नाही. सगळी उडवून टाकणार होतो, पण आधी विचारावं म्हटलं.

इमेजच खराब निघाली असेल का? डिस्क पुन्हा फिरवायची हिंमत नाही.

रात्रपाळी:

उडवली नाहीत ते बरं केलंत. ती रांग स्नॅपची, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज स्वरूपातल्या प्रोग्रॅमची, आहे. उबुंटूत प्रत्येक स्नॅप म्हणजे एक स्क्वॉशएफएस (दाबून बांधलेली, फक्त वाचायची) फाइल, आणि ती आपापल्या लूपवर चढवलेली असते. 'लोसेटअप -ए' दिलंत की कुठल्या लूपमागे कुठली फाइल आहे ते दिसेल. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

तुमचा ऑफसेट चुकतोय. १०४८५७६ म्हणजे २०४८ सेक्टर (डिस्कचे तुकडे) गुणिले ५१२ बाइट. हल्लीच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणून तो आकडा सगळीकडे दिसतो. एक्सपीच्या जमान्यात ते ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. ६३ गुणिले ५१२ = ३२२५६. अंदाजाने आकडे टाकण्यापेक्षा 'एफडिस्क -एल बाबा.आयएमजी' करा. पार्टिशनची यादी मिळेल; साध्या फाइलवरही चालतं, रूट लागत नाही. स्टार्टचा रकाना इथे टाका.

खिळेवाला:

६३ च निघाला! सी ड्राइव्ह ६३ पासून, एनटीएफएस. मग एक एक्स्टेंडेड, आणि त्याच्या पोटात डी, फॅट३२, २०४८२९३८ पासून. बाबा सगळं काम डीवरच ठेवायचे, 'सी कधीही बसते' म्हणून. म्हणजे आता २०४८२९३८ ला ५१२ ने गुणून ऑफसेट द्यायचा का? १०४८७२६४२५६ येतंय.

काळी खिडकी:

गुणाकार बरोबर आहे, पण ती पाढे पाठ करायची पद्धत सोडून द्या. उद्या सी आणि डी दोन्ही एकदम माउंट करायला गेलात तर 'ओव्हरलॅपिंग लूप डिव्हाइस एक्झिस्ट्स' म्हणून अडेल. नुसता ऑफसेट दिला की सीचा लूप थेट फाइलच्या शेवटापर्यंत पसरतो, डी त्याच्याच पोटात जातो. मग साइझलिमिट (कुठवर वाचायचं ती मर्यादा) द्या, पुन्हा गुणाकार.

त्यापेक्षा:

सुडो लोसेटअप -आर -एफ -पी --शो बाबा.आयएमजी

यात पी तेवढा कॅपिटल. आर म्हणजे फक्त वाचायचं; अशा इमेजला त्याशिवाय हात लावू नये. एफ पहिला मोकळा लूप शोधतो, शो त्याचं नाव छापतो, आणि पी पार्टिशन टेबल वाचून प्रत्येक पार्टिशनचं वेगळं डिव्हाइस बनवतो. समजा लूप१५ मिळाला, तर सी लूप१५पी१ आणि डी लूप१५पी५. पी२ म्हणजे ते एक्स्टेंडेड; तीन-चार कुठे गेले म्हणून शोधू नका, लॉजिकल (एक्स्टेंडेडच्या पोटातल्या) पार्टिशनचे आकडे पाचपासूनच सुरू होतात. मग नेहमीसारखं 'माउंट -ओ आरओ' करून पी५ चढवा.

आणि त्याआधी इमेजची एक कॉपी करा, खेळ कॉपीवर.

खिळेवाला:

चाललं! पी५ उघडलं आणि समोर 'पत्रिका', 'बिलबुक', 'बॅनर' असे फोल्डर. बाबांना हाक मारली, ते चष्मा शोधत आले. सगळं बाहेर काढून घेतलं.

पण आता नवीन भानगड. अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आलं, म्हणून माउंट काढायला 'यूमाउंट -एल' ठोकलं. मग लोसेटअप -डी लूप१५ केलं, काही कुरकुर नाही. कॉपी डिलीट केली. तर डीएफमध्ये (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) जागा जैसे थे! ४० जीबी गेली कुठे? -डी तीनदा दिलं, तीनदा गप्प.

रात्रपाळी:

एखादा टर्मिनलचा टॅब उघडा आहे का, ज्यात तुम्ही सीडी करून डीच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला होतात? बिझी तो त्यामुळेच म्हणत होता. -एल मुळे माउंट फक्त नजरेआड होतं, फाइलसिस्टिम तो टॅब सुटेपर्यंत जिवंतच राहते. लूप वापरात असला तर -डी पूर्वी एरर देऊन अडायचा, लिनक्स कर्नल ३.७ पासून तो गुपचूप हो म्हणतो आणि शेवटचा वापर संपला की मग खरं सोडतो. आणि लूपने फाइल धरून ठेवलीय तोवर आरएम (फाइल डिलीट) करून नाव गेलं तरी जागा सुटत नाही. लोसेटअप -ए करा, त्या फाइलपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसेल.

पुढच्या वेळी क्रम असा: सगळे टॅब बाहेर काढा, साधं यूमाउंट, मग -डी, मग लोसेटअप -ए मध्ये ती ओळ गेली का बघा, आणि त्यानंतरच आरएम. कॅपिटल डीच्या नादाला लागू नका, तो सगळेच लूप सोडायला जातो.

खिळेवाला:

होता हो टॅब. डेस्कटॉपच्या दुसऱ्या वर्कस्पेसवर, 'पत्रिका' फोल्डरमध्ये. बंद केला आणि लूप१५ आपोआप यादीतून गेला, ४० जीबी परत. हा तर हसण्यावारी नेण्यासारखा निघाला, पण मी तासभर डोकं आपटत होतो.

बाकी एक. मजकूर सगळा श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. बाबा मात्र फाइलच्या तारखा बघूनच सांगताहेत, ही अमक्यांची पत्रिका, ह्यात मुलीच्या मामांचं नाव राहिलं होतं, शंभर परत छापाव्या लागल्या. त्यांच्याकडे त्याचं जुनं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावायची चावी) कुठेतरी आहे म्हणे. पॅरलल पोर्टचं, जुने प्रिंटर लावायचे त्या खाचेचं. तो पोर्ट असलेला पीसी कोणाकडे पडून असेल तर सांगा, सातारा-सांगलीत कुठेही येऊन नेईन.