मदत हवी आहे : पाचोऱ्यात बसून मशीन ड्रॉइंगची कामं मिळवायची आहेत, ओळखी वाढवायला ऑनलाइन नेमकं काय वापरू?

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, जळगावच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा. बरीच वर्षं चाकणला कन्व्हेअर आणि शीट मेटलच्या डिझाइनमध्ये होतो. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून नोकरी सोडून पाचोऱ्याला आलोय, आणि आता इथेच राहायचं पक्कं आहे. लॅपटॉप आहे, ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स येतं, नेट बऱ्यापैकी चालतं. जळगाव एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरची आणि एका दालमिलची थोडी कामं केली. दोन्ही मामांच्या ओळखीने मिळाली. मामांच्या ओळखी तिथे संपल्या.

लिंक्डइन कॉलेजात असताना काढलं होतं. त्यात एचआरवाले आणि वर्गमित्रच जास्त. उघडलं की कोणाचं तरी प्रमोशन आणि त्याखाली शंभर अभिनंदनं, एवढंच दिसतं. रील वगैरे मला जमणार नाही, कॅमेऱ्यासमोर तोंडच उघडत नाही.

तर विचारायचं हे, की फुकट किंवा स्वस्त आणि रोज अर्ध्या तासात उरकेल असं काय करू? अनोळखी माणसाला पहिला मेसेज कसा लिहू? आणि आपल्याकडचे कारखानदार ऑनलाइन नेमके सापडतात कुठे?

भुसावळ_यार्ड

वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं.

दालमिलवाला

भो, सरळ सांगतो. आमच्या लाईनीतले शेठ लोक लिंक्डइनवर नाहीत. असलेच तर पोराने काढून दिलेलं खातं आहे, पासवर्डही पोराकडेच. शेठ दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घे, फुकट आहे. दुसरं सिम असेल तर त्याच फोनमध्ये दोन्ही अ‍ॅप चालतात, घरचे ग्रुप आणि धंदा वेगळा राहतो.

त्यात कॅटलॉग नावाची सोय आहे. दुकानदार तिथे साड्या टाकतात, तू कामं टाक. 'एलिव्हेटरचं (धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचं) डिटेल ड्रॉइंग', 'जुन्या पार्टचं माप घेऊन नवीन ड्रॉइंग', 'लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ फाईल', प्रत्येकाला एक फोटो आणि दोन ओळी. भाव लिहू नको, काम बघितल्याशिवाय भाव सांगता येत नाही हे शेठलाही कळतं. जुन्या पार्टचं माप घेणं मात्र ठळक टाक. आमच्याकडे अर्धी मशिनरी अशी आहे की बनवणारा कारागीर गेला आणि कागद कधी नव्हताच. रोलचा शाफ्ट तुटला की तुकडे पोत्यात घालून टर्नरकडे न्यायचे, तो अंदाजाने नवीन करून देतो. तू येऊन माप घेऊन ड्रॉइंग ठेवून गेलास तर पुढच्या वेळी फोनवर काम होतं. हे आम्हाला पाहिजे आहे, पण असं करून देणारा माणूस असतो हेच कोणाला माहीत नाही.

लेबल लावायची सवय कर. 'कोटेशन दिलं', 'काम चालू', 'पैसे बाकी'. तिसरं लेबल लवकर भरतं, तयारी ठेव.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून भेटल्यावर समोरच सेव्ह करायला लाव. आणि जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची आवक सुरू झाली की आम्ही कोणाचे मेसेज बघत नाही. काय पाठवायचं ते त्याच्या आधी.

धुळेकर_ताई

दालमिलवाले दादांचं बरोबर आहे, पण लिंक्डइन सोडू नकोस. शेठ तिथे नसेल, पुण्या-नाशिकच्या मोठ्या कंपनीतला परचेसवाला आणि डिझाइन हेड तिथेच असतो, आणि बाहेर ड्राफ्टिंग देणारी माणसं तीच.

सगळ्यात आधी नावाखालची ओळ बदल. तिथे अजून जुन्या कंपनीचा हुद्दा असेल. २२० अक्षरं मिळतात, त्यात तू कोणासाठी काय करतोस ते दिसलं पाहिजे. 'कन्व्हेअर, एलिव्हेटर, शीट मेटलची फॅब्रिकेशन ड्रॉइंग, पाचोरा-जळगाव', बस. 'ध्येयवेडा', 'उत्साही' असलं काही नको, ते शोधायला कोणी येत नाही. ठिकाण पुणे असेल तर जळगाव कर. इंग्रजीत लिही, कारण शोधणारा इंग्रजीत शोधतो. अ‍ॅप मराठीतही वापरता येतं, हवं तर स्वतःच्या सोयीला ती भाषा लाव. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे आकडे लटकलेले असतात, ते सेटिंगमध्ये जाऊन काढून टाक. ओळख पडताळणी डिजिलॉकरमधून फुकट होते, तीही करून घे. खोट्या खात्यांच्या गर्दीत नावापुढची ती खूण कामाला येते. सेवा देतो असं दाखवण्याचा वेगळा विभाग आहे, तोही भर.

आता खरी गंमत. तुझ्या कॉलेजचं लिंक्डइन पान उघड, त्यात माजी विद्यार्थी असा टॅब असतो. तिथे गाव, कंपनी, कामाचं क्षेत्र लावून नावं गाळता येतात. जळगावचं पॉलिटेक्निक, राहतो नाशिकला, काम इंजिनीअरिंगचं, असं लावलं की यादी समोर. आपल्याकडचा माणूस बाहेरगावी भेटला की 'कुठला रे तू, चोपड्याचा का यावलचा?' इथून सुरुवात होते, ती सुरुवात तिथे आयती मिळते. अनोळखी दोनशे जणांना रिक्वेस्ट टाकण्यापेक्षा यातले दहा जण निवड. फुकटच्या खात्यात रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडायची मुभा महिन्याला मोजकीच असते, ती इथे खर्च कर.

पोस्ट रोज टाकायची गरज नाही. दुसऱ्याच्या पोस्टखाली कामाचं बोललं तरी चालतं. कोणी वेल्डिंगमुळे पत्रा वाकल्याचा फोटो टाकला असेल तर तू वेल्डिंगचा क्रम कसा ठेवायचा यावर चार ओळी लिही. 'छान सर' लिहून कोणाच्या लक्षात राहत नाही.

उधना_लोकल

सुरतहून. इथे खान्देशी माणूस किती आहे हे मी सांगायला नको, उधना-जळगाव लाईनवरची गाडी सांगते. टेक्स्टाइलच्या मशिनरीला सुट्या पार्टची ड्रॉइंग इथे सतत लागतात. फक्त जळगावपुरतं बघू नको. आपल्या समाजाचे, गावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत त्यात एकदाच नीट मेसेज टाक, कामाच्या फोटोसकट. रोज गुड मॉर्निंगमध्ये घुसवलंस तर लोक म्यूट करतील.

लाल_मिरची

नंदुरबारहून. गूगल बिझनेस प्रोफाइल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. फुकट आहे. दुकान नसलं तरी चालतं, 'मी ग्राहकाकडे जातो' असा पर्याय निवडून घरचा पत्ता लपवता येतो आणि जळगाव, भुसावळ, चाळीसगाव असा सेवेचा भाग टाकता येतो. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात कामाची जागा, लॅपटॉप, चालू ड्रॉइंग दाखवावं लागतं. तोंड दाखवायची गरज नाही, तेव्हा काळजी करू नको. काम झालेल्या फॅब्रिकेटरला रिव्ह्यूची लिंक पाठव. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू घेऊ नको, प्रोफाइल बंद होऊ शकतं.

प्रोफाइल झालं की फोन येतील : 'गूगलवरून बोलतोय, तुमचं नाव पहिल्या पानावर आणतो, एवढे भरा.' गूगल असे फोन करत नाही. लहान धंद्याच्या उद्यम नोंदणीचंही तेच. सरकारी साइटवर आधार-पॅन टाकून फुकट होते, पण फी मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइटी ढीगभर. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, सुरुवातीला त्याचंही टेन्शन नको.

जुना_सेट_स्क्वेअर

ड्रॉइंग बोर्डवर हयात गेली, आता निवृत्त. तुम्ही सगळे मोबाइलचं सांगताय, मी कागदाचं सांगतो.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. त्यात ड्रॉन बायच्या पुढे नुसती आद्याक्षरं टाकतोस ना? पूर्ण नाव, गाव आणि नंबर टाक. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या सेटिंगमध्ये स्वतःचा क्यूआर मिळतो, तो बारीक करून त्याच चौकटीत बसव. ती प्रिंट मालकाकडून फॅब्रिकेटरकडे, तिथून लेझर कटिंगवाल्याकडे, तिथून टर्नरकडे जाते. ग्रीसचे डाग पडून महिनोन्‌महिने भिंतीला चिकटलेली राहते. ती वाचणारा प्रत्येक जण तुझ्या धंद्यातला आहे. लेझर कटिंगवाल्याकडे तर दिवसभर फॅब्रिकेटरांची रांग, आणि निम्मे हाताने काढलेला कागद घेऊन आलेले. त्याच्याशी ओळख कर. आधी मालकाची परवानगी घे मात्र. कोणाला आपल्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा नंबर आवडत नाही.

आणि प्रिंट अशी काढ की क्यूआर स्कॅन होईल. दोन सेंटिमीटरच्या खाली नेऊ नको, आपल्याकडचे प्रिंटर काय छापतात माहीत आहे.

दालमिलवाला

काका, एक नंबर!

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढ्या लवकर एवढं मिळेल वाटलं नव्हतं. लिंक्डइनची ओळ आणि ठिकाण बदललं. कॅटलॉग अर्धा भरलाय. काका, टायटल ब्लॉकचं टेम्प्लेट आज रात्रीच बदलतो.

दोन अडचणी. एक, नमुना म्हणून दाखवायला चांगली ड्रॉइंग आहेत ती सगळी जुन्या कंपनीतली. टाकू का? दुसरी, नाशिकच्या एका सीनियरला हा मेसेज लिहिलाय, बघा : 'आदरणीय महोदय, मी आपल्या प्रतिष्ठित संस्थेशी जोडला जाण्यास इच्छुक असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी माझे सर्वोत्तम योगदान देईन.'

भुसावळ_यार्ड

हा मेसेज आहे का रजेचा अर्ज?

धुळेकर_ताई

हसू नका रे, शाळेत आपल्याला हेच शिकवलंय. यात तू कोण, कुठला, काय करतोस आणि त्याने काय करायचं, यातलं एकही नाही. असं लिही :

'नमस्कार सर, मी पण जळगाव पॉलिटेक्निकचा, मेकॅनिकल. सध्या पाचोऱ्याहून कन्व्हेअर आणि शीट मेटलची ड्रॉइंग करून देतो. तुमच्याकडे बाहेर द्यायचं ड्राफ्टिंग असतं का, आणि ते कोण बघतं, एवढं सांगितलंत तर बरं होईल.'

काम मागू नकोस, नाव विचार. नाव सांगायला कोणाला जड जात नाही. उत्तर नाही आलं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदाच आठवण, नंतर सोडून दे. कोणाला कधी लिहिलं, काय बोलणं झालं, पुढे कधी विचारायचं, याची गूगल शीट ठेव. अर्ध्या तासातली पाच मिनिटं तिला दे. त्यासाठी महागडं अ‍ॅप कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस.

जुना_सेट_स्क्वेअर

जुन्या कंपनीचं एकही ड्रॉइंग टाकायचं नाही. नाव खोडून, मापं पुसूनही नाही. जॉइन होताना गोपनीयतेच्या कागदावर सही केली असशीलच. नसली केली तरी नाही. नवीन गिऱ्हाईक ते बघून पहिला विचार हाच करेल, की उद्या माझंही हा असंच दाखवेल.

घरात बसून एक बकेट एलिव्हेटर कोऱ्यापासून काढ. बूट (खालचा भाग), हेड (वरचा भाग), बकेटची पिच (दोन बकेटमधलं अंतर), बेल्टचं टेन्शनिंग, सगळं, सोबत मटेरियलची यादी. मापं तुझी, डोकं तुझं. दालमिलवाल्याला लगेच कळेल की याला काम येतं. त्याची पीडीएफ दाखव, मूळ सॉलिडवर्क्सची फाईल पैसे आल्याशिवाय कोणाला देऊ नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर मापं वाचता येत नाहीत.

उधना_लोकल

एक सावधगिरी. परदेशी कंपनीच्या नावाने लिंक्डइनवर मेसेज येतात. मोठं काम आहे, पण आधी 'व्हेंडर रजिस्ट्रेशन' भरा. माझ्या चुलतभावाने भरले, दुसऱ्या दिवशी ते खातंच गायब. काम देणारा पैसे मागत नाही. कोणी पैसे पाठवतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला आणि यूपीआय पिन टाकायला लावत असेल तर ठेव फोन. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उशीर केला की पुढच्या खात्यातून निघून जातात. आणि व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिनवालं टू-स्टेप लावून ठेव, धंद्याचा नंबर हॅक झाला तर गिऱ्हाइकांना तुझ्या नावाने मेसेज जातात.

गिरणाकाठ

कळलं. एलिव्हेटर काढायला घेतो. दालमिलवाले दादा, मापांचा अंदाज यायला तुमच्याकडचा एकदा बघायला मिळेल का? फोटो काढणार नाही.

दालमिलवाला

ये की. रविवारी मिल बंद असते, सकाळी दहाच्या आत ये, वर चढायला ऊन लागत नाही. टेप घेऊन ये. आणि आलाच आहेस तर त्या तुटलेल्या शाफ्टचंही माप घेऊन जा, त्याचे पैसे देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पत्ता पाठवतो.